ट्रॅक्टरच्या ब्रीदरमधून ऑइल उडतंय? इंजिन खोलण्याआधी हे तपासा

दिवाळी सरली की गेवराई तालुक्यातल्या उमापूर परिसरातून उसाच्या ट्रॉल्या हलू लागतात. गोदावरीचा काठ आणि जायकवाडीचा उजवा कालवा यामुळे या तालुक्यात ऊस आहे. तो गढीच्या किंवा शेजारच्या शेवगाव तालुक्यातल्या कारखान्यांकडे जातो तो ट्रॅक्टरनेच. मागे दोन भरलेल्या ट्रॉल्या, खाली मुरमाचा फुफाटा आणि दिवस-रात्र चालणारं इंजिन. याच दिवसांत ट्रॅक्टरमालकांच्या तोंडी एक तक्रार हमखास असते: टॅपेट कव्हरवरच्या ब्रीदरमधून ऑइल उडतंय, बोनेट आतून काळं झालंय, रोज ऑइल भरावं लागतंय.

त्यावर गावात दोन सल्ले तयार असतात. पहिला, ‘रिंगा गेल्या, इंजिन करून घ्या.’ दुसरा, ‘ब्रीदरला चिंधी बांधा, हंगाम काढा.’ पहिला सल्ला बऱ्याचदा घाईचा असतो. दुसरा तर धोक्याचाच. ऐन हंगामात ट्रॅक्टर उभा राहिला की फक्त भाडं बुडत नाही. टोळीला दिलेली उचल, कारखान्याशी झालेला वाहतुकीचा करार आणि ट्रॅक्टरचा हप्ता, सगळं त्या एका इंजिनावर अडकलेलं असतं. म्हणूनच ऑइल का उडतंय हे आधी नीट समजून घ्यायला हवं.

ब्रीदर असतो कशाला?

डिझेल इंजिनात हवा साधारण सोळा ते अठरा पटीने दाबली जाते. त्या दाबाने ती इतकी तापते की फवारलेलं डिझेल ठिणगीशिवाय पेटतं. हा दाब पिस्टनच्या वरच अडवून ठेवायचं काम रिंगांचं. पण रिंग ही पूर्ण गोल नसते, तिला एक फट असते. त्या फटीतून आणि कडेने थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे जिथे ऑइल असतं त्या चेंबरमध्ये निसटतो. यालाच ‘ब्लो-बाय’ म्हणतात. नव्या कोऱ्या इंजिनातही तो असतोच.

तीन सिलिंडरचं इंजिन दोन हजार आरपीएमवर चालत असेल तर मिनिटाला तीन हजार स्फोट होतात. प्रत्येक स्फोटातून चिमूटभर वायू निसटला तरी तो कुठून तरी बाहेर पडला पाहिजे. ही वाट म्हणजे ब्रीदर. अनेक ट्रॅक्टरमध्ये तो टॅपेट कव्हरवर असतो, काहींत इंजिनाच्या बाजूला पाइपच्या रूपात.

टॅपेट कव्हरच्या खाली रॉकर हलत असतात आणि त्यांच्यावर सतत ऑइल उडत असतं. म्हणून ब्रीदरच्या वाटेत आडवी पत्री किंवा तारेची जाळी दिलेली असते. वायू तिला वळसा घालून बाहेर जातो आणि ऑइलचे थेंब तिला धडकून खाली पडतात. वायू सावकाश असेल तर हे जमतं. वायूचा वेग वाढला, किंवा वर ऑइलच जास्त साचलं, तर जाळी हरते आणि ऑइल बाहेर येतं.

म्हणजे मूळ प्रश्न एवढाच: वायू जास्त झालाय की ऑइल? बाकी सगळी तपासणी या एका प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी असते.

धूर की धार?

बाहेर काय येतंय हे पाहूनच निम्मं उत्तर मिळतं. ब्रीदरच्या तोंडाशी ओलसरपणा आणि त्यावर बसलेली धूळ, एवढंच असेल तर काळजीचं कारण नाही. थंडीत सकाळी पहिली काही मिनिटं पांढरट वाफ दिसते. ती पाण्याची वाफ असते आणि इंजिन तापलं की थांबते.

इंजिन गरम झाल्यावरही निळसर-करडा धूर सतत येत असेल, लोड पडताच तो वाढत असेल, तर वायू जास्त झालाय. हा धूर एकसारखा नसून ‘फक... फक... फक’ असा ठरावीक ठेक्यात येत असेल, तर बहुधा एकाच सिलिंडरमध्ये बिघाड आहे. याउलट धूर फारसा नाही, पण पातळ ऑइलची धार किंवा मोठे थेंब येत असतील, तर संशय आधी ऑइलच्या पातळीवर आणि ऑइल खाली परतण्याच्या वाटेवर घ्यायचा.

फुकटात होणारी तपासणी

सुरुवात डिपस्टिकपासून. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, इंजिन बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबून पातळी पाहायची. बांधावर तिरका उभा असताना पाहिलेली पातळी खोटी असते. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ म्हणून वरच्या खुणेच्या पुढे ऑइल भरणं ही सर्रास चालणारी सवय आहे. जास्त झालेलं ऑइल क्रँक फेटाळते, त्याचा फेस होतो आणि तो ब्रीदरपर्यंत पोहोचतो. जादा ऑइल काढलं की अशा ट्रॅक्टरची तक्रार तिथेच मिटते.

पण आपण भरलंच नाही आणि तरी पातळी वाढली असेल, तर गोष्ट गंभीर आहे. डिपस्टिकवरच्या ऑइलला डिझेलचा वास येत असेल आणि ते बोटावर पातळ लागत असेल, तर डिझेलच्या पंपातून डिझेल चेंबरमध्ये उतरतंय. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत असेल, तर हेडच्या पॅकिंगमधून किंवा लायनरच्या रबरी रिंगेतून पाणी मिसळतंय. दोन्ही वेळा ट्रॅक्टर तिथेच बंद ठेवावा. पातळ झालेल्या ऑइलवर ओढलेली एक खेपसुद्धा बेअरिंग खाऊ शकते.

त्यानंतर ब्रीदर. तो काढून डिझेलमध्ये धुवायचा, जाळीतला काळा गाळ निघेपर्यंत हलवायचा, वाळवायचा आणि परत बसवायचा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, तरी वर्षानुवर्षं होत नाही. जाळी निम्मी बुजली की उरलेल्या छिद्रांतून वायू जोरात निघतो आणि ऑइल सोबत घेऊन येतो. ब्रीदरला रबरी पाइप जोडलेला असेल तर तो कुठे दबलाय का, त्याचं तोंड चिखलाने बंद झालंय का, हेही बघायचं.

तरीही धार थांबली नाही तर टॅपेट कव्हर उघडावं. हेडवर टाकलेलं ऑइल काही छिद्रांतून खाली चेंबरमध्ये परततं. ऑइल वेळेवर न बदललेल्या इंजिनात ही छिद्रं गाळाने बुजतात आणि हेडवर तळं साचतं. कव्हरच्या आतली पत्री जागेवर आहे का, हेही याच वेळी दिसतं. आधीच्या कामात ती काढून परत लावायची राहून गेलेली असू शकते. असं झालं असेल तर इंजिन ठणठणीत असूनही ऑइल फेकणारच.

रिंगांवर संशय आला तर?

गॅरेजमधली जुनी युक्ती अशी: इंजिन गरम करून स्लो ठेवायचं, ऑइल भरायचं झाकण काढून ते त्याच तोंडावर उलटं नुसतं ठेवायचं. झाकण किंचित थरथरलं तर ठीक. उडून बाजूला पडलं तर ब्लो-बाय जास्त. ही युक्ती इशारा म्हणून चांगली आहे, पण एवढ्यावर इंजिन खोलायचा निर्णय घेऊ नये. वायू रिंगांतूनच येतोय हे झाकण सांगू शकत नाही.

कारण इतर वाटाही आहेत. टर्बो असलेल्या इंजिनात टर्बोची सील खराब झाली तर दाबाखालचा वायू टर्बोच्या ऑइल-परतीच्या पाइपातून थेट चेंबरमध्ये उतरतो. लक्षणं हुबेहूब रिंगा गेल्यासारखी दिसतात. डिझेल पिकअप आणि जीपमध्ये ब्रेकसाठी व्हॅक्युम पंप असतो. त्याची नळी फुटली तर पंप बाहेरची हवा ओढून इंजिनात सोडत राहतो. नळीची किंमत आणि इंजिन कामाचं बिल यांत किती फरक आहे, हे वेगळं सांगायला नको.

कोणता सिलिंडर दोषी आहे हे ओळखायला जुन्या पंपाच्या इंजिनात मिस्त्री एकेका नोझलच्या पाइपचा नट सैल करतात. त्या सिलिंडरचा स्फोट थांबतो आणि त्याच वेळी ब्रीदरचा धूर कमी झाला तर तिथेच बिघाड. हे काम जाणत्या हातानेच करावं, कारण दाबाने उडालेलं डिझेल कातडीत घुसतं. नव्या कॉमन रेल इंजिनात तर पाइपला हातही लावू नये. तिथला दाब एक हजार बारच्याही वर जातो.

खात्रीची तपासणी दोन प्रकारची. कंप्रेशन गेज लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजणं ही पहिली. आकडा किती हवा हे त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं, पण आकड्याइतकाच महत्त्वाचा असतो सिलिंडरांमधला फरक. सगळे थोडे थोडे कमी असतील तर इंजिन सारखं झिजलंय, एकच फार कमी असेल तर तिथे काहीतरी तुटलंय किंवा अडकलंय.

दुसरी तपासणी जास्त बोलकी आहे आणि ती मालकालाही कानाने कळते. पिस्टन सर्वांत वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, नोझलच्या जागेतून कंप्रेसरची हवा आत सोडायची. क्रँक फिरू नये म्हणून तो पक्का धरलेला हवा. मग नुसतं ऐकायचं. सू-सू आवाज ऑइलच्या झाकणातून आला तर रिंगा किंवा लायनर. सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. एअर क्लीनरमधून आला तर इनलेट व्हॉल्व्ह. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेडचं पॅकिंग, नाहीतर हेडला चीर. व्हॉल्व्हचंच काम निघालं तर हेड उतरवून भागतं, खालचं इंजिन खोलावं लागत नाही.

रिंगा झिजतातच का?

वय हे एक कारण आहे, पण फुफाट्यात चालणाऱ्या ट्रॅक्टरसाठी खरं उत्तर बहुतेक वेळा इंजिनात नसतं. ते एअर क्लीनरमध्ये असतं.

साधा हिशेब पाहा. तीन लिटर क्षमतेचं इंजिन दोन हजार आरपीएमवर मिनिटाला अडीच ते तीन हजार लिटर हवा ओढतं. तासाला दीड लाख लिटरच्या वर. ही हवा पुढच्या ट्रॉलीने उडवलेल्या धुळीतली असते. त्यातली चमचाभर धूळ जरी आत गेली तरी ती ऑइलमध्ये मिसळून व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखं काम करते. रिंग आणि लायनर दोन्ही आतून घासले जातात आणि हे बाहेरून कुणाला दिसत नाही.

जुन्या पद्धतीच्या ऑइल-बाथ एअर क्लीनरमध्ये खालच्या वाटीत ऑइल असतं आणि धूळ त्यात अडकते. वाटीत चिखल झाला की तो धूळ अडवत नाही. हंगामात ही वाटी रोज उघडून पाहावी लागते. ऑइल खुणेइतकंच भरायचं, कारण जास्त भरलं तर इंजिन ते ओढून घेतं. कागदी फिल्टर असलेल्या ट्रॅक्टरमध्ये वेगळा घोळ होतो. फिल्टर टायरवर आपटून झटकला जातो किंवा जोरदार हवेने बाहेरून आत फुंकला जातो. दोन्हीमुळे कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात. हवा मारायचीच तर हलक्या दाबाने, आतून बाहेर.

मात्र सगळ्यांत दुर्लक्षित जागा म्हणजे एअर क्लीनर आणि इंजिन यांना जोडणारा रबरी होज. तो उन्हाने आणि उष्णतेने तडकतो, त्याची क्लिप सैल होते. मग फिल्टर कितीही चांगला असो, हवा फटीतून न गाळता आत जाते. ओळखायची खूण सोपी आहे. होज काढून त्याच्या आतून, इंजिनाच्या बाजूला, बोट फिरवायचं. बोटाला धूळ लागली तर इंजिन माती खातंय.

कित्येक इंजिनं केल्यावर वर्षभरात पुन्हा ऑइल फेकायला लागतात आणि दोष मिस्त्रीवर किंवा ‘डुप्लिकेट’ सामानावर जातो. तो दोष कधी खराही असतो. पण नव्या रिंगा त्याच तडकलेल्या होजमागे बसवल्या, तर अस्सल सामानही तेवढंच टिकेल.

झिजेची आणखीही कारणं आहेत. इंजिन एकदा चढलं, म्हणजे फार तापलं, की रिंगा खाचेत चिकटतात. तासन् तास स्लोवर किंवा अगदी हलक्या लोडवर चालवलं तरी लायनर आतून आरशासारखा गुळगुळीत होतो आणि ऑइल धरणाऱ्या बारीक तिरप्या रेघा पुसल्या जातात. ट्रॅक्टरवर जनरेटर जोडून रात्रभर चार दिवे लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. इंजिनाला आराम देणंही त्याला मानवत नाही.

ब्रीदर बंद केला तर काय बिघडतं?

चिंधी कोंबली, लाकडी खुंटी मारली किंवा पाइप वळवून बांधला, तर ऑइल दिसायचं थांबतं. वायू मात्र थांबत नाही. तो सर्वांत कमकुवत जागा शोधतो. कधी डिपस्टिक उडते, कधी टॅपेट कव्हरचं पॅकिंग फुटतं. सर्वांत महाग पडते ती क्रँकची मागची ऑइल सील. ती गेली की ऑइल क्लचवर येतं, क्लच घसरायला लागतो आणि ट्रॅक्टर मधोमध तोडून दोन भाग करावे लागतात. दोन भरलेल्या ट्रॉल्यांसह चढावर क्लच घसरणं म्हणजे काय, हे चालवणाऱ्याला सांगायची गरज नाही.

याहून वाईट प्रयोग म्हणजे ब्रीदरचा पाइप काढून एअर क्लीनरच्या होजला जोडणं. ‘ऑइल वाया जात नाही, इंजिनातच जळून जातं’ हा त्यामागचा तर्क. इथे डिझेल इंजिनाचा एक स्वभाव समजून घ्यायला हवा. डिझेल इंजिनाचा वेग डिझेल किती सोडलं यावर ठरतो. हवा त्याला हवी तेवढी मिळतच असते. झिजलेल्या इंजिनातून येणारी ऑइलची वाफ हवेसोबत आत गेली तर तीच इंधन बनते. इंजिन जोरात पळतं, जोरात पळालं की ब्लो-बाय वाढतो, त्यासोबत आणखी ऑइल आत जातं. अशा वेळी स्टॉपची कांडी ओढली तरी उपयोग होत नाही, कारण इंजिन डिझेलवर चाललेलंच नसतं. ते ऑइल संपेपर्यंत किंवा फुटेपर्यंत पळतं. थांबवायचा मार्ग एकच, हवा तोडणं. एअर क्लीनरच्या तोंडावर सपाट फळी दाबून धरता आली तर इंजिन गुदमरून बंद पडतं. हात किंवा कापड लावू नये, ते आत ओढलं जातं. फळी जवळ नसेल तर इंजिनाच्या बाजूला थांबूच नये, सगळ्यांना लांब न्यावं.

काही इंजिनांत कंपनीनेच ब्रीदरची वाट इनलेटला जोडलेली असते, ती गोष्ट निराळी. तिथे ऑइल वेगळं करणारा सेपरेटर आणि दाब सांभाळणारा व्हॉल्व्ह असतो. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत, आधी कॅलिफोर्नियात, धुरकं कमी करण्यासाठी मोटारींमध्ये ही पद्धत आली. त्याआधी तिथल्या मोटारीही हा वायू खाली रस्त्यावरच सोडत. अशा बंद पद्धतीच्या इंजिनात सेपरेटर तुंबला तर तो बदलायचा, पाइप तोडून बाहेर सोडायचा नाही.

हंगाम निघेल का?

ट्रॅक्टरमालकाला खरं हेच हवं असतं. त्यासाठी एक वही पुरते. रोज सकाळी सपाट जागी डिपस्टिक पाहून किती ऑइल घातलं आणि मीटरचे किती तास झाले, एवढं लिहायचं. आठ-दहा दिवसांत चित्र स्पष्ट होतं. ऑइल लागतंय पण दररोज तेवढंच, ताकद आहे, सकाळी इंजिन पटकन सुरू होतं, तर ब्रीदर उघडा ठेवून, पाइपाखाली डबा टांगून आणि पातळी सांभाळून हंगाम काढता येतो. लागणारं ऑइल आठवड्यागणिक वाढत असेल, थंडीत इंजिन सुरू व्हायला त्रास देत असेल, चढावर दम सोडत असेल, किंवा ठेक्यातला धूर अचानक सुरू झाला असेल, तर थांबलेलं बरं. तुटलेली रिंग लायनर ओरबाडते आणि छोटं काम मोठं करून ठेवते.

इंजिन खोलायचं ठरलंच तर मिस्त्रीकडे एक गोष्ट आग्रहाने मागावी: लायनरचं माप. बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, दोन दिशांनी मोजलेले आकडे कागदावर लिहून घ्यावेत. लायनर मर्यादेत असेल तर नव्या रिंगांवर भागू शकतं. तो लंबगोल झाला असेल तर त्यात नव्या रिंगा टाकणं म्हणजे पैसे पाण्यात, कारण गोल रिंग लंबगोल भोकात कधीच नीट बसत नाही. ‘आता रिंगा टाकू, पुढच्या वर्षी लायनर बघू’ हा स्वस्त वाटणारा मार्ग हेड, पॅकिंग आणि मजुरीचा खर्च दोनदा करायला लावतो.

काम झाल्यावर पहिले काही दिवस ब्रीदरमधून थोडा धूर येऊ शकतो. नव्या रिंगा लायनरला बसायला वेळ घेतात. या काळात इंजिन तासन् तास स्लोवर ठेवायचं नाही आणि पहिल्याच दिवशी दोन भरलेल्या ट्रॉल्याही जोडायच्या नाहीत. मध्यम लोड, कमी-जास्त होणारा वेग, आणि पहिलं ऑइल-फिल्टर साधारण 50 तासांनी किंवा मॅन्युअल सांगेल तेव्हा बदलायचं. धूर दिवसेंदिवस कमी झाला पाहिजे. तो तसाच राहिला तर रिंगांच्या फटी एका रेषेत बसल्या आहेत का किंवा एखादी रिंग उलटी लागली आहे का, हे मिस्त्रीला विचारावं. आणि ते ऑइल बदलताना एअर क्लीनरच्या होजची क्लिपही पुन्हा एकदा आवळून घ्यावी. नवा रबर पहिल्या काही दिवसांत दबतो आणि क्लिप सैल होते.